सोलंगचा बर्फ आणि राहुरीची कमान

मनालीच्या वर सोलंगला पोचल्यावर माणसं आधी डोंगराकडे बघतात, हात पसरून फोटो काढतात. मी लोकांच्या पायांकडे बघत होतो. ज्याच्या त्याच्या पायाला लांबलचक पट्ट्या बांधलेल्या, आणि त्या पट्ट्या सरळ नव्हत्या. काही मधे उचललेल्या, काही टोकांना. माझी मुलगी एस्तेर समोर उभी राहून हात हलवत होती, वर्षभरानं भेटत होती, आणि तिचा बाप वाकून तिच्या पायात काय आहे ते तपासत होता. "पप्पा, मी इकडं वर आहे," असं ती म्हणाली तेव्हा कुठं मी मान वर केली.

यात माझा एकट्याचा दोष नाही, धंद्याचा आहे. राहुरीत नगर-मनमाड रस्त्याला माझं पाट्यांचं वर्कशॉप आहे. ट्रक म्हणा, उसाची ट्रॉली म्हणा, तिच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, तिला आम्ही पाटे म्हणतो. पाटा सरळ नसतो, धनुष्यासारखा वाकवलेला असतो. तो वाक म्हणजे कमान. माल भरला की कमान दबते, उतरवला की परत उठते. कारखान्याला ऊस वाहून वाहून एक दिवस ती उठायचीच थांबते. ट्रॉली एका अंगाला कलते आणि मालक दारात येऊन म्हणतो, मिस्त्री, कमान बसली. मग मी पाटा भट्टीत लाल करतो, ठोकून वाक परत भरतो, तेलात बुडवतो. उभा जन्म हेच केलंय. लोक शांतवन मिस्त्री म्हणतात. नाव शांतवन, पण बूड एका जागी टेकेल तर शपथ. माझी बायको सुमन म्हणते, चर्चमध्ये उपदेश चालू असला की माझ्या पायानं अख्खं बाकडं हलतं.

आणि आधीच सांगून टाकतो, मी सोलंगला बर्फ बघायला गेलो नव्हतो. एस्तेरला घरी आणायला गेलो होतो.

एस्तेर आमची एकुलती एक. कॉलेजात एनसीसीत होती, तिथून डोंगर चढायच्या शिबिराला गेली आणि बर्फ बघून आली ती खुळी होऊनच. स्की शिकवणारी व्हायचं म्हणाली. आमच्या राहुरीत बर्फ असतो रसवंतीवाल्याकडं, नाहीतर मासळीच्या खोक्यात. तरी पाठवली. पहिल्या वर्षी प्रशिक्षकाच्या परीक्षेत नापास झाली. तेव्हा आमच्यात ठरलं, अजून एकदा बस. या वेळी जमलं तर तिथंच राहा, तिथंच शिकव. नाही जमलं तर गुमान घरी यायचं आणि गावातल्या शाळेत खेळाची बाई म्हणून रुजू व्हायचं. हेडमास्तरांच्या हातापाया पडून ती जागा मी अडवून ठेवली होती. मला काय हवं होतं ते उघड आहे. मला ती घरी हवी होती, बस्स. घरात दोन माणसं, आणि जेवताना तिसऱ्या ताटाकडं बघायचं नाही म्हणून दोघंही टीव्हीकडं बघतात. मी जायचं तिकीट एक काढलं आणि यायची दोन. दुसऱ्या तिकिटाचं फक्त सुमनला माहीत होतं.

प्रवासाचं काय सांगू. ऐन हंगामात दुकान धाकट्या भावाच्या हवाली करून निघालो, आणि रेल्वेत या दारापासून त्या दारापर्यंत इतक्या चकरा मारल्या की चहावाला विचारायला लागला, काका, तुमच्याकडं विकायला कुठला माल. मनालीच्या बसमध्ये तेही करता येईना. बियास नदी दिसायला लागली तेव्हा जरा जीव रमला. आपली मुळा नदी धरणाच्या खाली उन्हाळ्यात कशी कोरडीठाक असते ते तुम्ही बघितलंय. ही बया दगडांवर आपटत, फेस काढत चाललेली. एवढं वाहतं पाणी बघून मला पहिल्यांदा ऊसच आठवला.

टेकचंदचं दुकान

एस्तेर राहायची टेकचंदकडं. टेकचंद म्हणजे माझ्याच वयाचा, गोल टोपीचा, सावकाश बोलणारा माणूस. खाली त्याचं स्की भाड्यानं द्यायचं दुकान, वर घर. घरात मधोमध पत्र्याची शेगडी, तिला ते तंदूर म्हणतात, तिचं धुराडं छपरातून बाहेर गेलेलं. थंडीत घरातली सगळी माणसं तिच्याभोवती पाय पसरून बसतात आणि अक्रोड फोडतात. कुणालाही कुठंही जायचं नसतं. आपल्याकडं थंडीत शेकोटी पेटली तरी माणूस एक हात शेकतो आणि दुसऱ्या हातानं काहीतरी करतो. मी चहा संपायच्या आत उठलो, चार अक्रोड चुकीचे फोडले, आणि टेकचंदच्या बायकोनं हसत मला खाली दुकानात पिटाळलं.

दुकानात गेल्यावर मात्र माझ्या हातांना घर सापडलं. भिंतीला टेकून स्कीच्या पट्ट्यांची ही रांग लागलेली. मी एक जोडी उचलली, पोटाला पोट लावून उभी धरली. टोकं टेकली, मधे फट राहिली. मुठीत दाबली तर फट मिटली, सोडली तर टणकन परत उघडली. म्हटलं, अरे, हा तर पाटाच की. आमचा पाटा ट्रकखाली पोट खाली सोडून असतो, हा पोट वर ओढून असतो, एवढाच फरक. वजन पडलं की दोघंही सपाट आणि वजन गेलं की दोघंही परत उभे.

मग मला राहवलं नाही. मी एकेक जोडी दाबून बघत गेलो आणि दुकानाचे दोन भाग करून टाकले. जिवंत डावीकडं, मेलेल्या उजवीकडं. उजवीकडं बऱ्याच जमल्या. काही तर अशा की पोटाला पोट लावलं तर मधेच टेकायच्या आणि टोकं भलतीकडं फाकलेली. म्हणजे कमान बसून बसून उलटी झालेली. आमच्याकडं असा पाटा कुणी भंगारातही घेणार नाही. टेकचंद खाली आला तेव्हा मी त्याला माझ्या राहुरी हिंदीत सांगितलं की भाऊ, तू चांगला माणूस आहेस, पण गिऱ्हाइकाला हा असला मेलेला माल देऊ नकोस.

एस्तेरचे कान लाल झाले. तिनं मला बाजूला घेऊन समजावलं की त्या मेलेल्या नाहीत, मुद्दाम तशा बनवलेल्या आहेत. मधे उचललेली ती कॅम्बर. वर माणूस उभा राहिला की तिची कमान दबते आणि टोकापासून टोकापर्यंत तिची लोखंडी कड सारख्या जोरानं बर्फाला धरते, म्हणून दाबलेल्या, कडक बर्फावर ती घसरत नाही. टोकांना उचललेली ती रॉकर. ती ताज्या, खोल बर्फासाठी. काहींना मधे कॅम्बर आणि दोन्ही टोकांना रॉकर असतो, काही नुसत्या सपाट. शिवाय पट्टी वरून बघितली तर कंबरेत बारीक आणि दोन्हीकडं रुंद दिसते, ते का, तर ती कडेवर कलती केली की त्या कंबरेमुळं ती बर्फात वाकते आणि आपसूक वळते. कंबर जितकी बारीक तितकं वळण आखूड.

कंबरेचं मला पटलं. उलट्या कमानीचं नाही पटलं. ज्या पट्टीत उठायची ताकद नाही तिच्यावर माझा माणूस मी उभा करणार नाही, असं मी म्हणालो. एस्तेर म्हणाली, उद्या बघा.

ताजा बर्फ

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पायरी गायब. कापूस पिंजून टाकावा तसा बर्फ पडलेला, गुडघ्याच्या वर. टेकचंदच्या बायकोनं सिड्डू केले होते. आपल्याकडं नागपंचमीला दिंडं उकडतात, त्यांच्याच भावकीतले, फक्त आत अक्रोडाचं वाटण आणि वरून वाटीभर तूप. मी बरोबर आणलेली शेंगदाण्याची चटणी त्याच्यावर टाकली. टेकचंदनं चव घेतली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्यानं डबाच जवळ ओढला.

एस्तेरनं मला रुंद, रॉकरवाली जोडी दिली. मी ती परत ठेवली आणि काल निवडलेली, दुकानातली सगळ्यात टणक कमानीची बारीक जोडी घेतली. टेकचंदनं एस्तेरकडं बघितलं. एस्तेर म्हणाली, घेऊ द्या. तिच्या तोंडावर तिच्या आईचं हसू होतं आणि ते मला ओळखायला पाहिजे होतं.

पोरंटोरं शिकतात तो इवलासा उतार. मी सुटलो. पट्टीची टोकं बर्फात घुसली ती थेट नांगराच्या फाळासारखी. पाय थांबले आणि मी थांबलो नाही. तोंडावर पडलो. बर्फ नाकात, कानात, बंडीच्या आत. उठायला हात टेकला तर हात खांद्यापर्यंत आत. टणक कमानीची ती नामी पट्टी माझं सगळं वजन टोकाकडं ढकलत होती आणि टोक आणखी खाली चाललं होतं. शेवटी एस्तेरनं माझ्या पायातून पट्ट्या सोडवल्या आणि मला गाजरासारखं उपटून काढलं.

मग मी निमूट रॉकर घातली. टोकं आधीच वर उचललेली, त्यामुळं ती बर्फावर चढत गेली. रुंद पोटावर वजन पसरलं. मी दहाबारा हात तरंगत गेलो, काठावर बांधलेल्या होडीसारखा हेलकावत, आणि पडलो, पण या वेळी वरच्यावर पडलो. जरा पायांनी फिरवली तर ती मधल्या भागावर गर्रकन फिरली. खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. दुपारी मशीननं दाबून पक्क्या केलेल्या उतारावर तीच जोडी घेऊन गेलो तर ती खडखडायला लागली. टोकं हवेत फडफडतात, कड धरते ती पायाखालची वीतभर, बाकी सगळं घसरतं. म्हणजे एस्तेरचं खरं होतं. संध्याकाळी मी माझे दोन ढीग मोडून पट्ट्या होत्या तशा लावून ठेवल्या. टेकचंदला म्हटलं, चूक झाली. तो म्हणाला, मिस्त्रीजी, माझे वडीलसुद्धा पहिली रॉकर बघून असंच म्हणाले होते.

डावी पट्टी

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, आणि मी उताराच्या कडेला येरझारा घालत एस्तेरचा सराव बघितला. परीक्षा एक दिवस सोडून होती. परीक्षेत दाबलेल्या, कडक उतारावर डावी-उजवी वळणं घेत खाली यायचं, आणि वळणात कड कुठंही सुटता कामा नये. तिचे मास्तर खाली उभे राहून ओरडत होते. ती डावीकडं वळली की सुरीनं लोणी कापावं तसं निघायचं. उजवीकडं वळली की पट्टीचं शेपूट सुटायचं, खर्रकन आवाज यायचा. मास्तर म्हणायचे, उजव्या वळणाला कंबर आत घालतेस, भितेस. पुन्हा वर जा. पुन्हा तेच. ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. राहुरीत एका शब्दाला चार शब्द परत करणारी पोरगी ती.

तिचे स्वतःचे स्की होते, मागल्या वर्षी कुणाकडून तरी जुने घेतलेले, डावी-उजवी अशी खूण करून ठेवलेले. दुपारी तिनं ते दुकानात पुसायला ठेवले. मी सवयीनं उचलले, पोटाला पोट लावलं, आणि अंगठ्यानं दाबून बघितलं. उजवीनं अंगठ्याला सरळ नाही म्हणून सांगितलं. डावी दबली आणि तशीच राहिली. पुन्हा बघितलं. एकेक वेगळी करून फरशीवर ठेवून बघितली. या वेळी ही बसलेली कमान कुणी मुद्दाम तशी बनवलेली नव्हती. कॅम्बरची पट्टी, जोडीतली एक ताठ आणि दुसरी बसलेली.

उजवीकडं वळताना माणसाचा सगळा भार डाव्या पायावर येतो, हे मी सकाळपासून बघत होतो. म्हणजे तिची कंबर ठीक होती. तिच्या भीतीचाही दोष नव्हता. एका बाजूचा पाटा मेलेला होता आणि बोलणी मात्र तिला बसत होती.

आता माझी पंचाईत ऐका. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. परवा ती त्याच पट्टीवर उतरेल, उजव्या वळणाला शेपूट सुटेल, मास्तर कागदावर काट मारतील, आणि दुसऱ्या तिकिटावर माझी लेक माझ्या शेजारी बसून राहुरीला येईल. कुणाला कधी कळणार नाही. मी स्की होते तिथं ठेवले आणि बाहेर पडलो. रस्त्यावर बर्फ बाजूला सारून दोन भिंती झाल्या होत्या, त्यांच्यामधून जेवणाची हाक येईपर्यंत चालत राहिलो. घरचं डोळ्यांपुढं येत होतं. सुमन संध्याकाळी फाटकाशी उभी राहते ते येत होतं. आणि मधेच तो खर्रकन आवाज. एका अंगाला बसलेली ट्रॉली मी आजवर कधी रस्त्यावर सोडली नव्हती. मालकानं घाई केली तरी सोडली नव्हती. जेवायला राजमा-भात होता म्हणतात. मी काय खाल्लं मला माहीत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तंदूरपाशी चहा पिताना मी बोललो.

"एस्तू, तुझी डावी पट्टी मेलेली हाय. उजव्या वळनाला घसरती ती तू न्हाई, ती पट्टी."

ती आधी हसली. म्हणाली, त्या दिवशी तुम्ही अर्धं दुकान मारलं होतं. मी म्हटलं, तवा चुकलो, आज चुकत न्हाई. मग तिचं हसू गेलं आणि तिनं कप खाली ठेवला.

"परीक्षा उद्या आहे आणि तुम्ही मला आज स्की बदलायला सांगताय. पप्पा, मम्मीनं मला तिकिटांचं सांगितलंय."

टेकचंद आणि त्याची बायको मराठी समजत नसतानाही उठून आत गेले. मला राग आला, आधी सुमनचा, मग स्वतःचा, आणि तो कुठं ठेवावा कळेना. पोरगी चुकीचं काही म्हणत नव्हती. आपण पडावं असं ज्याला वाटतं त्याचं ऐकून पायातला पाटा कोण बदलेल. मीही बदलला नसता.

मी मोबाईल काढला. चष्मा खाली दुकानात राहिला होता, डोळ्यांपुढं नुसती अक्षरांची वाळू. मोबाईल तिच्यापुढं धरला आणि म्हटलं, ह्यात तुझं तिकीट हुडक आन रद्द कर.

तिनं तिकीट काढलं. पण रद्द करायच्या जागेवर बोट ठेवीना. म्हणाली, आणि नापास झाले तर?

"झालीस तर झालीस. तुझं तू ठरव. शाळेला मी आजच कळवतो, जागा दुसऱ्या कुनाला द्या म्हनून. कुठं दाबायचं तेवढं दाव."

तिनं दाखवलं. मी दाबलं. मग मोबाईलनं आणखी एकदा विचारलं, नक्की का म्हणून, आणि मी आणखी एकदा दाबलं.

जोड

पटवायची रीत आमच्या धंद्यात जुनी आहे. ट्रॉली डावीकडं कलते म्हणून मालक आला, तर मी आधी काही ठोकत नाही. डावीकडचे पाटे उजवीकडं आणि उजवीकडचे डावीकडं घालतो. आता उजवीकडं कलली तर दोष पाट्यात, तरीही डावीकडंच कलली तर सांगाड्यात. एस्तेरला म्हटलं, पट्ट्या अदलाबदल कर आणि एकदाच उतर.

ती उतरली. मी खाली उभा होतो. उजवं वळण आलं आणि आवाज आला नाही. डावं आलं आणि खर्रकन शेपूट सुटलं. पुन्हा उजवं, साफ. पुन्हा डावं, खर्र. ती माझ्यापाशी येऊन थांबली. मग खाली बघत म्हणाली, "गेल्या वर्षी पण हेच स्की होते." तिला रडू फुटलं. मी तिचं डोकं जवळ घेतलं, हेल्मेटसकट, आणि तिच्या त्या हेल्मेटवर हात फिरवत राहिलो.

आता नवी जोडी कुठून आणायची. तिच्या उंचीची, तिच्या सवयीची कॅम्बर टेकचंदकडं भाड्याला होती, पण गिऱ्हाइकांनी वापरून वापरून एकही जोडी दोन्ही पायांना सारखी उरली नव्हती. मी विचारलं, जोड मोडलेल्या सुट्या पट्ट्या कुठं ठेवतोस. टेकचंदनं मागचं कपाट उघडलं. कुणाची एक मोडली, कुणाची एक दरीत गेली, अशा विधवा-विधुर पट्ट्यांचा हा ढीग. आम्ही ट्रकला असेच पाटे जुळवतो. एक इथला, एक तिथला, कमान मात्र सारखी पाहिजे. त्या दुपारी मी एका जागी बसलो होतो हे सुमनला सांगितलं तर ती मानणार नाही. दाबायचं, बाजूला ठेवायचं, दुसरी घ्यायची. ऊन उतरायच्या आत एकाच लांबीच्या, एकाच घाटाच्या, अंगठ्याला सारखं उत्तर देणाऱ्या दोन सापडल्या. एक लाल होती आणि दुसरी पोपटी. टेकचंदनं तिच्या बुटाच्या मापानं पट्ट्यांवरच्या पकडी आवळल्या आणि कडांना धार लावली. एस्तेर अंधार पडायच्या आत दोनदा उतरून आली आणि म्हणाली, हा पाय माझाच आहे ना.

परीक्षेच्या सकाळी उतार रात्रभर गोठून काचेसारखा झाला होता. लाल-पोपटी जोडी बघून बाकीची मुलं हसली. मास्तरही हसले. तिचा नंबर आला तेव्हा मी दोरीपाशी उभा होतो आणि सगळ्या अंगानं तिच्याबरोबर वळत होतो. शेजारचा माणूस दूर सरकला. डावं वळण धरलं. उजवं आलं, आणि मी डोळे मिटले. कान उघडे होते. आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा ती पुढच्या वळणात होती. तळाशी येताना एका डाव्या वळणाला तिनं भार जरा जास्तच टाकला, हात बर्फाला घासला, माझ्या तोंडून "आगं" निघालं, पण कड सुटली नाही. ती आली, थांबली, आणि मास्तरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

दुपारी निकाल वाचला. एस्तेर पास.

मला खूप आनंद झाला. आणि त्याच वेळी घरातलं तिसरं ताट डोळ्यांपुढं आलं. दोन्ही खरं आहे, एकासाठी दुसरं खोटं कशाला सांगू. तिनं मला सगळ्यांदेखत उचलायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघंही पडलो.

परत

मी निघालो त्या दिवशी ती मला सोडायला मनालीपर्यंत आली नाही. तिचा पहिला वर्ग होता. जाताना जीप त्या इवल्या उतारापाशी थांबवली. एक जाडजूड गृहस्थ पाय फाकवून उभे होते आणि ती त्यांच्यापुढं उलटी चालत, दोन्ही हात पसरून, त्यांना एकेक वीत पुढं आणत होती. शिकवताना माणसावरून नजर काढायची नसते, असं तिनं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. तिनं काढली नाही. ते गृहस्थ चार हात आले आणि ती टाळ्या वाजवत होती. मी ड्रायव्हरला चल म्हटलं.

मनालीच्या बस स्टँडवर दिल्लीची गाडी लागायला वेळ होता. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या झाल्यावर मी सुमनला फोन लावला. पास झाल्याचं तिला एस्तेरनं कळवलेलंच होतं. मी म्हटलं, तिकीट रद्द केलं. ती म्हणाली, माहीत हाय. मी म्हटलं, शाळेची जागा सोडली. ती म्हणाली, तेबी माहीत हाय. गाड्यांचे भोंगे वाजत होते, माणसं सामान घेऊन माझ्या अंगावरून जात होती, आणि मी मफलर तोंडावर धरून उभा होतो.

पलीकडून सुमननं माझे हुंदके ऐकले.

"तिथं चारचौघांत नगा," ती म्हणाली. "घरी या. मग दोघं मिळून रडू."